बाँडचे दोन शेवट: १९६९ चा बघावा की २०२१ चा?

एकच संध्याकाळ मोकळी आहे आणि शेवट मनात रेंगाळेल असा बाँडपट बघायचाय, असं कुणी म्हटलं की बोलणं हमखास दोन नावांवर येतं. पीटर हंटचा 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (१९६९) आणि कॅरी फुकुनागाचा 'नो टाइम टू डाय' (२०२१). पहिल्यात बाँडची बायको मरते, दुसऱ्यात खुद्द बाँड. हे आता गुपित राहिलेलं नाही, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितोय. मालिकेत उदास शेवट आणखीही आहेत, पण हसू आणि शोक एकमेकांना इतके खेटून मला तरी या दोघांतच दिसले. एकातून दुसऱ्यात जाण्याची तऱ्हा मात्र दोघांची अगदी वेगळी आहे. निवड करायची ती त्यावरून.

आधी जुना. शेवट जवळ आला तरी हंट थट्टा आवरती घेत नाही, उलट वाढवतो. स्वित्झर्लंडमधल्या शिल्थॉर्नच्या शिखरावरचा अड्डा उडतो, बर्फाच्या घसरणीवरून बाँड आणि खलनायक ब्लोफेल्ड झटापट करत खाली येतात, ब्लोफेल्डची मान झाडाच्या फांदीत अडकते आणि बाँड त्या फांदीवरच कोटी करतो. मग बर्फात पडलेल्या बाँडजवळ सेंट बर्नार्ड कुत्रा येतो, तर त्यालाही तो ब्रँडी आणायला पिटाळतो, तीही उंची. तिथून थेट बाँड आणि ट्रेसीचं लग्न. कचेरीतल्या सचिव मनीपेनीच्या डोळ्यांत पाणी, बाँड आपली हॅट तिच्याकडे भिरकावतो. बाँडला हत्यारं आणि यंत्रं पुरवणारा, एरवी त्याच्यावर वैतागलेला क्यू संकोचत जवळ येऊन म्हणतो, कधी काही लागलं तर सांग. हेरखात्याचा प्रमुख एम आणि गुन्हेगारांच्या टोळीचा म्होरक्या असलेले सासरे एकमेकांशी मजेत बोलतायत. या सगळ्यात पुढच्या संकटाची एक खूणही नाही.

आणि मग फुलं. नवराबायकोची गाडी फुलांनी इतकी मढलीय की बाँड ती रस्त्याकडेला घेतो, फुलं काढून टाकायला. मुलं किती हवीत वगैरे बोलणं चालू आहे. तेवढ्यात बाजूने एक गाडी जाते, गोळ्यांच्या फैरी झडतात. हा ब्लोफेल्डच, असं ओरडत बाँड गाडीत शिरतो, पाठलागाच्या तयारीने, अजून साहसपटातच असल्यासारखा. शेजारी ट्रेसी गेलेली आहे. माझ्या मते हंटची सगळी करामत त्या दोन-तीन सेकंदांत आहे: चित्रपट बदललाय आणि नायकाला ते अजून कळलेलं नाही. फांदीवरच्या कोटीचं कामही इथे कळतं. आपण हसलो म्हणजे खलनायकाचा हिशेब मिटला असं धरून बसलो होतो. हंटने ते हसू आपल्याला बेसावध करायला वापरलं.

यातला बाँड झालेल्या जॉर्ज लेझनबीला लोक नावं ठेवतात. मॉडेलिंगमधून आलेला माणूस, पहिलाच चित्रपट, मधल्या काही प्रसंगांत तो अवघडतो हे खरंच. पण शेवटी पोलिसाला तो सांगतो की ही जरा विश्रांती घेतेय, घाई नाही, आमच्याकडे सगळा वेळ आहे, तेव्हा त्याच्या आवाजातला सपाटपणाच काळजाला हात घालतो. एखाद्या मुरलेल्या नटाने तिथे अभिनय केला असता, अशी मला भीती वाटते.

आमच्याकडे हा लावला होता तेव्हा लग्न लागलं तसे घरातले उठायला लागले. वहिनी कप गोळा करून स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या. गोळ्यांचा आवाज आला तशा त्या दारात थांबल्या आणि उरलेलं सगळं त्यांनी उभ्यानेच पाहिलं. शेवट किती लागतो याचं याहून चांगलं माप माझ्याकडे नाही.

एक खोट मात्र आहे आणि ती छोटी नाही. काचेवरच्या गोळीच्या भोकावर चित्र थांबतं आणि नामावलीबरोबर बाँडची ती ठसकेबाज धून दणक्यात सुरू होते. संगीतकार जॉन बॅरीचं बाकीचं काम इतकं सुंदर असताना तेवढं खटकतं. काहींना तो धक्काही आवडतो. मी तिथे आवाज बंद करतो.

आता नवा. करोनामुळे बंद असलेली महाराष्ट्रातली चित्रगृहं २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली, म्हणून इतर राज्यांनंतर तो आपल्याकडे मोठ्या पडद्यावर आला. इतक्या महिन्यांनी अंधारात, लोकांमध्ये बसून बघितलेला बाँड, त्यामुळे माझा जीव त्याच्यावरही आहे. क्यूबातला, पालोमा या तरुण हेराचा भाग तर मालिकेतल्या सर्वांत आनंदी भागांपैकी एक. त्याला लागूनच समुद्रात बाँडचा जुना मित्र फीलिक्स याचा मृत्यू येतो. तो बदल फुकुनागाने फार नेटका साधलाय, हंटच्या तोडीचा. शेवटही तसाच असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

माझं अडलं ते एकाच गोष्टीवर: हा चित्रपट आधी सांगून ठेवतो. सुरुवातीलाच, इटलीत मातेराला जाताना, बाँडची प्रेयसी मॅडलेन वेग वाढव म्हणते आणि बाँड उत्तर देतो की आपल्याकडे सगळा वेळ आहे. तीच १९६९ ची ओळ. पाठोपाठ संगीतकार हान्स झिमर बॅरीची, त्याच ओळीवरच्या गाण्याची जुनी चालही आणतो. ज्याने जुना पाहिलाय त्याला तिथेच कळतं की यातलं कुणीतरी परत येणार नाही. पुढचे अडीच तास मी ते कधी होतंय याची वाट बघत बसलो. मग जिन्यावरच्या जीवघेण्या मारामारीनंतर, घड्याळाने समोरच्याचा कृत्रिम डोळा फोडून बाँड क्यूला त्यावर कोटी ऐकवतो, तेव्हा थिएटरात हशा पिकला, पण मला हसता आलं नाही. फांदीच्या कोटीने मला गाफील केलं होतं. ही कोटी, निरोपाआधी एक हसू हवंच म्हणून जागा राखून ठेवल्यासारखी वाटली.

मृत्यूनंतरही तेच. क्षेपणास्त्रं येतात, बाँड झालेला डॅनियल क्रेग उभा आहे, मुलीचं खेळणं जवळ आहे. इथवर तो अप्रतिम आहे, त्याचा चेहरा मी विसरणार नाही. पण मग एमच्या खोलीत सगळे जमून प्याले उंचावतात, जॅक लंडनच्या ओळी वाचल्या जातात, मॅडलेन गाडी चालवत मुलीला बाँडची गोष्ट सांगू लागते आणि वर लुई आर्मस्ट्राँगचं ते १९६९ च्या चित्रपटातलं जुनं गाणं, 'वी हॅव ऑल द टाइम इन द वर्ल्ड'. आर्मस्ट्राँग १९७१ मध्ये गेला, हे त्याच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणांपैकी एक. ते कुठेही वाजलं तरी मी हलतो. इथे मात्र ते सांत्वनाला आलेल्या चौथ्या पाहुण्यासारखं येतं, आणि मला तोवर एकटं बसायचं होतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. माझी भाची क्रेगचे चित्रपट बघतच मोठी झाली. तिने १९६९ चा पाहिलेला नव्हता, त्यामुळे मातेरातली ती ओळ तिला फक्त प्रेमाची वाटली. ती डोळे पुसतच बाहेर आली आणि एमच्या खोलीतला प्रसंग तिला हवा होता. २००६ पासूनच्या पाच चित्रपटांचा निरोप आहे तो, त्याला निरोपासारखा वेळ दिला तर चूक काय, असं तिचं म्हणणं. तुमचीही क्रेगशी तशी ओळख असेल, तर नवा निवडा, मला झाला तो त्रास तुम्हाला होणार नाही. ती नसेल, निदान याआधीचा 'स्पेक्टर' तरी पाहिलेला नसेल, तर मॅडलेनवरचं प्रेम उसनं वाटण्याची शक्यता आहे. जुन्याला आधीचं काहीच लागत नाही. डायना रिग पहिल्या काही प्रसंगांतच ट्रेसीला एवढी जिवंत करते की तिच्या जाण्याला दुसरा कशाचाही आधार लागत नाही.

दोन्ही बघणार असाल तरी मी जुनाच आधी लावेन. त्याने नव्याचं थोडं नुकसान होतं, जसं माझं झालं. पण नवा आधी पाहिलात तर ती ओळ काळी होऊनच तुमच्यापर्यंत येईल आणि लग्नाच्या दिवशी, फुलांच्या गाडीत, ट्रेसीबरोबर निर्धास्त बसायची संधी जाईल. मध्ये चार-आठ दिवस जाऊ द्या. आणि नवा सुट्टीच्या दुपारी लावा, पावणेतीन तासांचा आहे.