चिंतेच्या त्रासासाठी मेहरूणजवळची व्यायामशाळा

छातीतली धडधड आणि उगाच वाटणारी भीती यांमुळे, डॉक्टरांच्या सल्ल्याने (औषधे त्यांना विचारूनच कमी करावीत) मी जळगावच्या मेहरूण तलावाजवळील या व्यायामशाळेत जाऊ लागलो. प्रशिक्षक ट्रेडमिलचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात, मध्येच मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजायला लावतात, आणि श्रमाने वाढलेले ठोके म्हणजे संकट नव्हे हे शरीराला अनुभवाने पटू देतात. चिंता ओसरण्यामागचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेल्या, आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामानुसार येथे वेळापत्रक आखून मिळते. झोप सुधारली, हा लाभ मला सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र खान्देशातल्या मे महिन्यात येथले पंखे अपुरे पडतात, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटेचीच वेळ मागून घ्यावी.