बोट गेलं तर पैसे कुठून येणार? छोट्या शेडसाठी ईएसआय, डब्ल्यूसी पॉलिसी आणि ग्रुप अपघात विमा

भोसरी किंवा चाकणमध्ये चार पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारी यंत्रं) आणि आठ-दहा माणसांवर चालणारी शेड असली, की मालकापुढे तीन नावं येतात. कन्सल्टंट म्हणतो ईएसआय (कर्मचारी राज्य विमा, ही सरकारी योजना) काढा, विमा एजंट म्हणतो डब्ल्यूसी पॉलिसी (कामगाराला द्यायच्या भरपाईचा मालकाने काढायचा विमा) घ्या, आणि बँकेत गेलं की तिथे ग्रुप अपघात विमा स्वस्तात पडेल असं सांगतात. तिन्हींत प्रीमियम आणि हप्ता एवढंच ताडून पाहणारे बरेच आहेत. खरं पाहायचं ते हे, की अपघातानंतर कायद्याने मालकाच्या अंगावर येणारी देणी यातलं कोण उचलतं. ईएसआय जवळपास सगळी उचलतं, डब्ल्यूसी पॉलिसी अटींसह उचलते, ग्रुप अपघात विमा एक रुपयाही उचलत नाही.

आधी डोकी मोजा

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ईएसआय सक्तीचं आहे, तिथे निवड उरत नाही. मोजताना ठेकेदाराची माणसं धरा, हेल्पर धरा, २१,००० रुपयांच्या वर पगार असलेला सेटरही (मशीन लावून देणारा कारागीर) धरा. तो ईएसआयमध्ये येणार नाही, पण मोजणीत येतो. एकदा लागू झालं की पुढे माणसं नऊवर आली तरी सुटका नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेलाही मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर स्वेच्छेने ईएसआयमध्ये येता येतं. म्हणजे खरी निवड नऊ किंवा कमी माणसांच्या शेडलाच आहे.

१९२३ चा भरपाई कायदा आणि १९४८ चा ईएसआय कायदा आता या संहितेत गेले आहेत. भरपाईचं सूत्र मात्र तेच राहिलं आहे. वेतनाची व्याख्या बदलली, ती लक्षात ठेवा: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो. बेसिक मुद्दाम कमी ठेवून हिशेब लहान करण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

एकच अपघात, तीन हिशेब

ऑपरेटर ३० वर्षांचा, पगार १८,००० रुपये. प्रेसमध्ये उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली, दोन महिने घरी.

भरपाईच्या सूत्राने हिशेब असा होतो. वेतन कितीही असलं तरी गणितासाठी ते महिना १५,००० रुपयांपर्यंतच धरलं जातं (३ जानेवारी २०२० ची अधिसूचना). त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,०००. कायद्याच्या तक्त्यात वयानुसार गुणक असतो, तिसाव्या वर्षाचा २०७.९८. गुणाकार १८,७१,८२० रुपये, ही पूर्ण कायमच्या अपंगत्वाची रक्कम. कायद्याच्या तक्त्यात तर्जनीची दोन पेरं म्हणजे ११ टक्के, म्हणून २,०५,९०० रुपये एकरकमी. घरी बसलेल्या काळासाठी दर पंधरवड्याला वेतनाचे २५ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे ७,५००. वर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च. डब्ल्यूसी पॉलिसी नसेल तर हे सगळं मालकाच्या खिशातून जातं. हाच माणूस दगावला असता तर ६० ऐवजी ५० टक्के धरून १५,५९,८५० रुपये झाले असते. छोट्या जॉबवर्कवाल्याला ही रक्कम उभी करायला मशीन विकावं लागतं.

ईएसआयमध्ये त्याच माणसाला उपचार मोफत, आणि घरी असेपर्यंत सरासरी वेतनाचे ९० टक्के. सोयीसाठी महिन्याचे ३० दिवस धरले तर रोज ५४० रुपये, म्हणजे महिन्याला १६,२००. ७,५०० आणि १६,२०० यातला फरक त्याच्या घरातल्या किराण्यात दिसतो. कमाईची क्षमता किती घटली ते वैद्यकीय मंडळ ठरवतं. मंडळाने ११ टक्के धरले तर रोज ५९ रुपये ४० पैसे, महिन्याला सुमारे १,७८०, आणि ते आयुष्यभर. साडेनऊ वर्षांत ही बेरीज वरच्या २,०५,९०० च्या बरोबरीला येते, त्यापुढचं सगळं जास्तीचं. तिशीतल्या माणसाला ईएसआय नक्कीच बरं. ५८ वर्षांच्या माणसाला एकरकमी पैसे जास्त उपयोगी वाटू शकतात, पण ईएसआयमध्ये असलेल्याला भरपाई कायद्याचा दावा लावता येत नाही.

ग्रुप अपघात विमा पाच लाखांचा असेल, तर बऱ्याच पॉलिसींच्या तक्त्यात तर्जनीच्या दोन पेरांना ८ टक्के असतात, म्हणजे ४०,०००. तेही घेऊन कामगार पूर्ण कायदेशीर भरपाई मागू शकतो, आणि ती त्याचा हक्कच आहे. वर्षाला २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत दोन लाख मिळतात ते मृत्यू किंवा दोन्ही हात, पाय, डोळे गेल्यावर. एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख. बोटाला काहीच नाही. ती प्रत्येकाची काढावी, २० रुपयांत नाही म्हणण्यासारखं काही नाही, पण कामाच्या ठिकाणच्या जबाबदारीची सोय म्हणून तिच्याकडे पाहू नये.

ईएसआयचा खर्च आणि खाचा

मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. सहा माणसं प्रत्येकी १८,००० वर असतील तर मालकाचे महिन्याला ३,५१० आणि प्रत्येक कामगाराचे १३५ कापले जातात. डब्ल्यूसीपेक्षा हे महागच पडतं, पण त्यात कामगाराच्या बायको-मुलांचं आजारपण आणि बाळंतपणही येतं. कामावरच्या अपघातासाठी किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे.

बिनसतं ते नोंदणीत. नवा हेल्पर सोमवारी लागतो, ‘टिकला तर महिन्याअखेर नाव घालू’ म्हणून आयपी नंबर (ईएसआयमधला कामगाराचा नोंदणी क्रमांक) काढलाच जात नाही, आणि गुरुवारी हात अडकतो. अपघातानंतर काढलेला नंबर तपासात लगेच उघडा पडतो आणि दिलेला लाभ मालकाकडून वसूल होऊ शकतो. नंबर रुजू होण्याच्या दिवशीच काढा, आधार आणि बँक खातं त्याच वेळी जोडा. चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. उशिरावर १२ टक्के व्याज आहे, आणि दंड वेगळा.

दुसरी खाच पगाराची. सेटरचा पगार मध्येच २१,००० च्या वर गेला तरी चालू वर्गणी-काळ (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) संपेपर्यंत तो आतच राहतो. त्यानंतर बाहेर. पुण्यात सीएनसी सेटर आणि सुपरवायझर सर्रास या मर्यादेच्या वर असतात, आणि नेमकी तीच माणसं उघड्यावर राहतात. ईएसआय असूनही या दोन-तीन जणांसाठी छोटी डब्ल्यूसी पॉलिसी लागतेच.

चिंचवडमध्ये मोहननगरला ईएसआय रुग्णालय आहे, पण रात्री प्रेसवर बोट तुटल्यावर जवळचं हाडांचं किंवा प्लास्टिक सर्जरीचं रुग्णालय गाठावंच लागतं. तातडीच्या खर्चाची परतफेड मागता येते, पण ती सरकारी दरांनी मिळते. वरचा फरक मालकाने भरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

डब्ल्यूसी पॉलिसी घेताना

नऊ किंवा कमी माणसांच्या शेडने स्वेच्छेने ईएसआय घेतलं नसेल, किंवा काही जणांचा पगार २१,००० च्या वर असेल, तर त्यांच्यासाठी हाच मार्ग. प्रीमियम कामाच्या धोक्यावर आणि वर्षाच्या एकूण वेतनावर ठरतो. मालक इथेच चुकतो: पगारपत्रकावर १२,०००, हातात १८,०००. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर बँक स्टेटमेंट आणि हजेरी मागतो, आणि वेतन कमी दाखवलं असेल तर दावा त्याच प्रमाणात कापला जातो. उरलेलं मालकाने भरायचं.

पॉलिसीत चार गोष्टी शोधून पाहा. उपचाराचा खर्च बहुधा वेगळा जोडून घ्यावा लागतो आणि त्याला मर्यादा असते. बोटाची शस्त्रक्रिया लाखाच्या घरात जाऊ शकते, ती मर्यादा २५,००० ठेवून उपयोग नाही. ठेकेदाराची माणसं वेगळी लिहून घ्यावी लागतात. वेल्डर पत्र्यावरून पडला तर ठेकेदाराबरोबर मूळ मालकही जबाबदार असतो. कामाचं वर्णन खरं हवं. ‘असेंब्ली’ लिहून आत प्रेस चालवले तर वाद ठरलेला. चौथी गोष्ट व्याज. भरपाई देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि निम्म्यापर्यंत दंड लागू शकतो. दंड विमा कंपनी देत नाही, आणि व्याज वगळण्याचं कलम पॉलिसीत घालता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलं आहे. ते कलम आहे का, एजंटला विचारून लेखी घ्या.

‘मशीनचा गार्ड त्यानेच काढला होता’ या उत्तराच्या भरवशावर राहू नका. निष्काळजीपणा हा बचाव नाही. सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढल्याचा बचाव मृत्यूत आणि पूर्ण कायमच्या अपंगत्वात चालत नाही. प्रेस चालवायला दोन्ही हातांनी दाबायच्या दोन बटणांपैकी एक बटण टेपने दाबून ठेवलेलं महिनोन्‌महिने सगळ्यांना दिसत असेल, तर बोटाच्या दाव्यातही तो टिकणं कठीण.

कागद

पाचशेच्या स्टॅम्पवर ‘आपसात मिटलं, पुढे मागणी नाही’ लिहून घेतात. हक्क सोडून दिल्याचा असा करार कायद्यात टिकत नाही. तडजोड करायची असेल तर ती भरपाईचे दावे ठरवणाऱ्या सरकारी प्राधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई त्यांच्याकडेच जमा करायची असते. विधवेच्या हातात थेट दिलेले पैसे, तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची उचल सोडली, तर हिशेबात धरत नाहीत. पुन्हा पूर्ण भरावे लागतात.

दवाखान्यात केस पेपरवर ‘घरी दार लागलं’ असं लिहायला सांगणं सगळ्यात महाग पडतं. त्या एका ओळीने ईएसआय अडतं, विमाही अडतो. मशीनचं नाव, वेळ आणि कोणतं बोट हे पहिल्याच कागदावर यायला हवं. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळून बंद पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर जोडण्याजोगं राहत नाही. अपघात वहीत नोंद आणि ईएसआयचा ऑनलाइन अपघात अहवाल किंवा विमा कंपनीला ईमेल, हे त्याच दिवशी करा. प्रेसचा फोटो गार्डसह, आहे त्या स्थितीत काढून ठेवा, आणि फोटो निघेपर्यंत मशीन पुन्हा चालू करू नका.