चितार ओळीतून जाईबाई चौधरींचा अर्धपुतळा करून घेतला, त्याचा अनुभव

महालातल्या चितार ओळीत गणपती आणि दुर्गेच्या मूर्ती घ्यायला अख्खं नागपूर जातं. आम्ही तिथल्या एका मूर्तिकाराकडून वस्तीच्या वाचनालयासाठी अर्धपुतळा करून घेतला, कोणाला असं काम करायचं असेल तर कामात येईल म्हणून सगळं लिहून राहिलो.

आधी कारण सांगतो. वाचनालयाच्या दारातच जुन्या मालगुजाराचा पुतळा होता, जागा त्यांनी दिली म्हणून. पण त्यांच्याच विहिरीवरून आमच्या आज्यांना हाकलून लावायचे हे इथले म्हातारे आजही सांगतात आणि त्याच दारातून आता पोरी अभ्यासाला येतात. लय बोलणं झालं, आवाज चढले, शेवटी ठरलं की पुतळा फोडायचा नाही, नीट त्यांच्या घरच्यांकडे पोचवायचा, जागा दिल्याची पाटी तशीच ठेवायची आणि तिथं जाईबाई चौधरींना बसवायचं. जाईबाई उमरेडच्या, नागपूर स्टेशनवर हमाली केली, पुढं शिक्षिका झाल्या तर दलित बाई शिकवते म्हणून लोकांनी ती नोकरीही टिकू दिली नाही, मग 1922 मध्ये त्यांनी नागपुरातच चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. एवढी मोठी बाई आपल्या शहराची आणि अर्ध्या वस्तीला नाव माहीत नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

तिकडं अमेरिकेत फ्लोरिडा राज्यानंही असंच केलं. त्यांच्या संसदेच्या इमारतीत प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात, तिथला गुलामगिरीवाल्या राज्यांकडून लढलेल्या जनरल एडमंड किर्बी स्मिथचा काढला आणि 2022 मध्ये मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांचा बसवला, त्यांनीही 1904 मध्ये काळ्या मुलींसाठी शाळा काढली होती. मीटिंगमध्ये हे सांगितल्यावर बऱ्याच जणांना पटलं.

आता कामाबद्दल. शिवाजी महाराज, बाबासाहेब, जोतिबा, सावित्रीबाई यांचे साचे बऱ्याच ठिकाणी तयारच असतात, फायबर ओतायचं, ब्राँझचा रंग मारायचा, झालं. ज्यांचा पुतळा आधी कोणी केलाच नाही त्यांचं मातीकाम शून्यापासून करावं लागतं, वेळ आणि पैसा दोन्ही जास्त, म्हणूनच गावोगावी तेच चार चेहरे दिसतात. एका दुकानात तर आम्हाला सांगितलं की सावित्रीबाईंचा साचा आहे, थोडा चेहरा बदलून देतो. आम्ही तिथून उठलो.

हे दादा मात्र वेगळे निघाले. आमच्याकडं एक धूसर छापील फोटो होता, त्यांनी तो घेतला आणि आधी विचारलं, "बाई काय काम करत होत्या?" हमालीचं ऐकल्यावर खांदे आणि मान वेगळी धरली, मातीचा नमुना झाल्यावर आम्हाला बोलावलं, वस्तीतल्या काकू म्हणाल्या की चेहरा फार गोरागोमटा, नाजूक झाला, तर एका शब्दानं न कुरकुरता गाल आणि कपाळ पुन्हा केलं. पैसे कोटेशनमध्ये होते तेवढेच घेतले. फिनिशिंग एक नंबर, पदराच्या चुण्या बघाच.

तक्रारी दोन. पाटीवर "चौधरी"चं "चौधारी" झालं, बदलून दिली पण त्यासाठी चकरा माराव्या लागल्या. आणि आषाढापासून नवरात्र संपेपर्यंत ऑर्डर देऊच नका, अख्खी ओळ गणपती आणि देवीत असते, आमचं काम तेवढे दिवस कपड्यात गुंडाळून पडून होतं.

आमचा पुतळा वाचनालयाच्या आतला आहे. बाहेर सार्वजनिक जागेत बसवायचा असेल तर सरकारचा 2017 चा जीआर आधी वाचा, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मातीचा नमुना कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. भर रस्त्यात तर नाहीच, सुप्रीम कोर्टानं 2013 मध्येच मनाई केली.

पाचपैकी साडेचार. पुढची ऑर्डर यांच्याकडंच देणार, सुलोचनाबाई डोंगरे यांची, 1942 मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद झाली तिच्या अध्यक्षा. कोणाकडं त्यांचा चांगला फोटो असेल तर कळवा.