एअर मॅट्रेस घ्यावी का? आमचा अनुभव आणि आईची पद्धत

घ्या. पण दुकानात जे सांगतात त्यातलं निम्मंच खरं माना.

आईचा पार्किन्सन वाढून ती पूर्ण अंथरुणाला खिळली तेव्हा आम्ही ही पंपाने हवा भरायची गादी इंदूरच्या दवा बाजारातून आणली. दुकानदाराने पंप लावला, गादी फुगवून दाखवली आणि म्हणाला, "दीदी, अब करवट बदलने की झंझट ही खतम." हे साफ चूक आहे. बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणारी जखम, कशी टाळायची ते मी लहानपणी रामबागेतल्या घरात आईला बघत शिकले आहे, म्हणून एवढ्या खात्रीने लिहिते.

आधी गादीबद्दल. हिचे दोन प्रकार मिळतात. फोडांसारखे फुगे असलेली बबलवाली स्वस्त पडते. आडव्या नळ्यांची, म्हणजे ट्यूब्युलर, जाड आणि महाग. तत्त्व दोन्हींचं एकच. पंप आळीपाळीने निम्म्या कप्प्यांत हवा भरतो, उरलेल्यांतली सोडतो आणि साधारण दहा-बारा मिनिटांनी उलट करतो. त्यामुळे अंगाच्या एकाच जागेवर सतत दाब राहत नाही. दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो, कातडी आधी लाल होते, मग काळी पडते आणि जखम हाडापर्यंतही जाऊ शकते. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्यांची हाडं, डोक्याची मागची बाजू, या जागा सगळ्यात धोक्याच्या.

आजीला लकवा झाला तेव्हा घरात असलं काही नव्हतं. लोखंडी पलंग, कापसाची गादी आणि आई. एम.वाय.मधल्या, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या, एका सिस्टरने तिला सांगितलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला. आईने ते आजी जाईपर्यंत पाळलं, रात्रीसुद्धा. उशाशी गजराचं घड्याळ असायचं आणि ते वाजायच्या आत ती उठून बंद करायची, आजीची झोप मोडू नये म्हणून. तिची सकाळची शाळा होती. मुलांच्या वह्या ती आजीच्या पायाशी बसून तपासायची. सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेची नाटकं तिच्या फार आवडीची, पण बाबा एकटेच जायचे आणि आल्यावर आजीच्या खोलीत बसून सगळं नाटक सांगायचे. ऐन दुसऱ्या अंकात आई उठायची, "थांबा हं जरा." मग आजीला, "अहो आई, आता खिडकीकडे वळू या." वळवून झालं की परत येऊन बसायची, "हं, मग पुढे?"

तिची पद्धत अगदी ठरलेली होती. आजीचं जुनं नऊवारी लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, चौपदरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घातलेलं असायचं. वळवताना आजीच्या दंडाला धरून ओढायचं नाही. लुगड्याची कड मुठीत गोळा करायची, दुसरी कड बाबांनी धरायची आणि अलगद उचलून सरकवायचं. पाठीशी उशी लावायची, पण माणूस पूर्ण कुशीवर नको, जरासाच कलता. गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. सकाळी अंग पुसताना ती खिडकी सताड उघडून आजीची पाठ उजेडात बघायची. कुठे लाल दिसलं की बोटाने दाबून सोडायची. क्षणभर पांढरं पडून परत लाल झालं तर ठीक. लालच राहिलं तर ती जागा दिवसभर गादीला टेकू द्यायची नाही आणि डॉक्टरांना दाखवायची. चोळायची मात्र कधीच नाही. आजी गेली तेव्हा अंगावर एक जखम नव्हती. आंघोळ घालायला आलेल्या बायका ते बघून आपसात बोलत होत्या. आई गप्पच होती.

पुढे आईची पाळी आली तेव्हा वळवायला मी आणि वहिनी. आईचा आवाज पार बारीक झाला होता, कान जवळ न्यावा लागे. वहिनीने पहिल्यांदा काखेत हात घातला तेव्हा म्हणाली, "ओढू नकोस गं. उचल." मग आईच्याच जुन्या सुती पातळाची चौपदरी घडी आली.

गादीचा खरा उपयोग रात्री झाला. डॉक्टरांना विचारून रात्रीचं अंतर थोडं वाढवता आलं, आम्हालाही झोप मिळाली आणि आईलाही. दिवसा मात्र दोन तासांचा नेम तसाच ठेवला. टाचांसाठी गादीवर विसंबू नका, उशी लागतेच. डोक्याकडची बाजू 30 अंशांच्या वर फार वेळ ठेवू नका. माणूस खाली घसरतो आणि माकडहाडाची कातडी ताणली जाते.

हवा पुरेशी आहे की नाही ते हातानेच बघा. माणूस झोपलेला असताना कमरेच्या खाली, एअर मॅट्रेस आणि साध्या गादीच्या मध्ये, तळहात वर करून हात सरकवा. वर निदान एक इंच फुगलेली हवा जाणवली पाहिजे. बबलवालीत आईचं हाड थेट माझ्या हाताला लागायचं, म्हणून आम्ही नळ्यांची आणली आणि तो फरक पैशांना पुरून उरला. पंपाचं बटण कमाल आकड्यावर नेऊन गादी दगडासारखी करू नका, ते वजनाप्रमाणे लावायचं असतं. वर गोधडी, सतरंजी, रबरी शीट काही नको. एक पातळ सुती चादर आणि ती घडी, बास.

तक्रारी आहेत. प्लास्टिकमुळे मे महिन्यात पाठीला घाम येतो, दिवसातून दोनदा तरी पुसून कोरडं करावं लागतं. पंपाची घरघर रात्री ऐकू येते. वीज गेली की हवा हळूहळू उतरते, म्हणून खाली साधी गादी हवीच. नळी पलंगाच्या चौकटीत दबली तर अर्धी गादी मरते, रोज एकदा वाकून बघा.

आता ही गादी इंदूरमध्येच स्नेहलतागंजात ओळखीच्या एका आजोबांकडे आहे. त्यांच्या सूनबाईंना पंप लावून दिला आणि पातळाची घडी घालून आजोबांना वळवूनही दाखवलं. नवी घेणार असाल तर दुकानातच अर्धा तास चालू ठेवून बघा, पंपाच्या वॉरंटीवर शिक्का मारून घ्या आणि पंक्चर काढायला लागणारे तुकडे डब्यात आहेत ना ते तपासा.