वजन बरोबर, उशी खोटी: ६४० उशांत बुडालेले २,६२,४०० रुपये

राग अजून उतरलेला नाही, तेव्हा भाषा कडक वाटली तर वाटू दे. हॉटेलं, लॉज, होस्टेल, नर्सिंग होम यांना चादरी-उशा पुरवणाऱ्या माझ्यासारख्या छोट्या लोकांसाठी हे लिहितेय. हॉटेलात खरेदीचं काम बघणाऱ्यांनीही वाचा. उशी बनवणाऱ्याचं नाव देत नाही, कारण वकिलांनी बजावलंय. नाहीतर मोठ्या अक्षरात दिलं असतं.

व्यवहार असा. दोन हॉटेलं आणि एक मुलींचं होस्टेल मिळून ६४० उशा. माप १८ बाय २८ इंच, वजन ९०० ग्रॅम. आत व्हर्जिन म्हणजे कोरा फायबर, होलो कॉन्ज्युगेट सिलिकॉनाइज्ड, तंतूची जाडी ७ डेनियर, लांबी ३२ मिलिमीटर. कर धरून नगाला ४१० रुपये, एकूण २,६२,४००. त्यातले ४० टक्के म्हणजे १,०४,९६० आगाऊ आणि उरलेले १,५७,४४० माल उतरवायच्या आधी. टेम्पोभाडं ९,५०० माझ्या अंगावर.

आणि हो, "स्वस्ताला भुललात" असं कुणी म्हणू नका. बाकी दोन ठिकाणचे भाव ३९५ आणि ४३० होते. मी मधला घेतला. सगळ्यात स्वस्त माल टाळला तर फसवणूक टळते असं आपण धरून चालतो. या उशीवाल्याला ते पक्कं माहीत होतं.

फायबरच का, हेही विचारून झालंय सगळ्यांचं. हॉटेलची उशी घरच्या उशीसारखी उन्हात टाकून चालत नाही, ती मशीनमध्ये धुवावी लागते आणि लवकर वाळावी लागते. कापूस ओला झाला की जड होतो, वाळत नाही, गाठी धरतो आणि पावसाळ्यात कुबट वास मारतो. सावरीचा कापूस हलका खरा, पण वापरून वापरून त्याचा भुगा होतो. पिसांची उशी छान लागते, पण महाग, तिला घट्ट विणीची खोळ लागते, आणि ॲलर्जीची तक्रार करणारा एक तरी पाहुणा निघतोच. मेमरी फोम मशीनमध्ये घातला की फाटतो. म्हणून हॉटेलवाले फायबरवर येतात, आणि ते बरोबरच आहे. या फायबरचा तंतू आतून पोकळ आणि स्प्रिंगसारखा वळलेला असतो, म्हणून त्यात हवा राहते. वर सिलिकॉनचा थर असल्यामुळे तंतू एकमेकांवरून घसरतात आणि गोळे होत नाहीत. प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेला रिसायकल फायबरही येतो. तो वाईटच असतो असं नाही, फक्त त्याला रिसायकल म्हणून विका आणि त्याचा भाव घ्या. मला मात्र तोसुद्धा मिळाला नाही.

मिळाली ती शोडी. कपड्यांच्या कारखान्यातली कात्रणं आणि जुने कपडे मशीनवर पिंजून केलेला करडा लगदा. बाहेरून चारी बाजूंनी दोन बोटं जाडीचा स्वच्छ, पांढरा, घसरणारा फायबर आणि पोटात हे. एका उशीत फोमचे तुकडे होते, एकीत शर्टाचं बटण निघालं. गोधडीतसुद्धा याहून बरे कपडे असतात.

आता त्या दिवसाबद्दल, कारण तोच डोक्यातून जात नाही.

माल टेम्पोतून आला, व्हॅक्यूम करून गुंडाळलेला. सोबत त्यांचा माणूस. गोड बोलणारा, ताई-ताई करणारा. मी वजनकाटा काढला. उशीचं वजन कोण करतं हो? मी केलं. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून उचलून केलं. ८९०, ९०५, ९००. सगळं बरोबर! तो म्हणाला, "ताई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक असलं की आम्हालाही काम करायला बरं वाटतं." मला बरं वाटलं. वाटणारच.

मग दोन गुंडाळ्या फाडल्या. चांगला फायबर पिशवी फाडल्याबरोबर फुगायला लागतो, पूर्ण फुगवटा यायला वेळ लागला तरी हालचाल तेव्हाच दिसते. या उशा पाटासारख्या पडून राहिल्या. मी म्हटलं, फुगत का नाहीत? तो म्हणाला, गाडीत दाबून आल्यात, उद्यापर्यंत होतील. मूठ दाबली तर मध्ये काहीतरी घट्ट, दाणेदार लागलं. वासही होता, जुन्या गोणपाटासारखा. मी ब्लेड मागवलं. ब्लेड माझ्या हातात होतं! शिवणीवर टेकवलं होतं! तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, उसवलेली उशी कंपनी परत घेत नाही, तेवढी तुमच्याकडेच राहील हं." आणि मी ब्लेड खाली ठेवलं. ४१० रुपयांची एक उशी वाचवली.

बाहेर टेम्पोवाला हॉल्टिंग म्हणजे थांबण्याचे पैसे मागत होता, हमाल थांबले होते, हॉटेलवाल्याचा फोन वाजत होता, कारण त्याचा सीझन तोंडावर आला होता. अशा वेळी शिवण उसवत बसणारी बाई मला दाखवा. हे लोक माल नेमका अशाच वेळी आणतात, ही गर्दीसुद्धा त्यांच्या हिशेबातलीच. मी १,५७,४४० तिथेच ट्रान्सफर केले.

जाताना त्याने सुरुवातीला दिलेली नमुन्याची उशी मागून घेतली. "मॅचिंगसाठी ऑफिसला लागते." दिली. त्या उशीत खरोखर व्हर्जिन फायबर होता, तो मी स्वतः पाहिला होता. पुरावा त्याच टेम्पोतून परत गेला.

कोटेशनची गोष्ट तर त्याहून भारी. ते व्हॉट्सॲपवर आलं होतं आणि चॅटला त्याने गायब होणाऱ्या मेसेजची सोय लावून ठेवली होती, सात दिवसांची. माल येईपर्यंत व्हर्जिन, ७ डेनियर, सिलिकॉनाइज्ड हे सगळे शब्द पुसले गेले होते. बिलावर काय? "पिलो, पॉली, ६४० नग." एवढंच. पॉली म्हणजे काहीही. बिल दुसऱ्याच फर्मच्या नावाचं होतं, हेही तेव्हा दिसलं होतं. तो म्हणाला, भावाची फर्म आहे.

पहिल्या धुण्यातच सगळं उघडं पडलं. हॉटेलच्या हाउसकीपिंगच्या बाईंचा फोन आला, उशांत गोळे झालेत आणि पांढऱ्या खोळीवर निळे-लाल डाग आलेत. शोडीतल्या कपड्यांचा रंग सुटला होता. त्यांनीच एक उशी उसवून फोटो पाठवला. होस्टेलने न धुताच सगळ्या परत केल्या, कारण मुलींच्या माना दुखायला लागल्या होत्या. तिन्ही गिऱ्हाइकांना नवीन माल मी पदरच्या पैशांनी दिला. ते पैसे वरच्या आकड्यात धरलेलेच नाहीत.

त्याला फोन केला. आधी म्हणाला, लाँड्रीने गरम पाणी वापरलं असेल. मग म्हणाला, वजन कमी भरलं का, ते सांगा. मग फोन बंद.

वजनाचं एवढं सांगते. उशीत ग्रॅमला अर्थ आहे, पण आत काय आहे ते माहीत असेल तरच. तीच उंची उभी करायला हलक्या प्रतीच्या, मेलेल्या मालाला जास्त वजन लागतं आणि चांगल्या पोकळ फायबरला कमी. म्हणजे जड उशी चांगली असतेच असं नाही, उलटही असू शकतं. चिंध्या घालून ९०० ग्रॅम भरणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे. कोटेशनमध्ये नुसतं वजन मागणारं गिऱ्हाईक या लोकांना आवडतं ते म्हणूनच.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "मॅडम, उशा मिळाल्या ना?" मिळाल्या. "मग फसवणूक कुठे झाली? ही दिवाणी बाब आहे." मी उसवलेली उशी टेबलावर ठेवली. ती त्यांनी दोन बोटांनी बाजूला सरकवली, आणि एकजण म्हणाला, "झोपायला काय वाईट आहे?" बाकीचे हसले. सगळे हसले. पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, नमुना एक दाखवून माल दुसरा देणं त्यात का बसत नाही, असं विचारलं. त्यावर उत्तर आलं की समोरचा दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, तिकडे जा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी वाचून गेले होते. ते म्हटल्यावर साहेब जेवायला गेले. शेवटी अर्ज घेतला, पण पोच देताना शिक्का मारायला तयार नाहीत. वर सांगितलं, प्रयोगशाळेचा अहवाल आणा. म्हणजे चोर मीच शोधायचा, चोरी मीच सिद्ध करायची, आणि यांनी चहा प्यायचा.

ग्राहक आयोगाच्या कार्यालयात तर दोन मिनिटांत बाहेर. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी माल घेणारा ग्राहकच नाही. घरासाठी दोन उशा घेतल्या असत्या तर मी ग्राहक होते, ६४० घेतल्यावर मी कुणीच नाही. लघुउद्योगांच्या थकबाकीची जी यंत्रणा आहे, तिथे पैसे अडकलेला विक्रेता दाद मागू शकतो. पैसे देऊन बसलेल्या खरेदीदारासाठी तिथे रकानाच नाही. व्यापारी न्यायालयात जावं, तर दावा किमान तीन लाखांचा लागतो. माझे २,६२,४००, भाडं धरलं तरी २,७१,९००. वकील म्हणाले, साधा दिवाणी दावा लावा, वेळ लागेल. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नोटिशीचे ३,५०० त्यांनी मात्र त्याच दिवशी घेतले. तक्रार पोर्टलवर टाकली होती, तिच्यासमोर आता "निकाली काढण्यात आली" असं लिहून येतं. कुणी काढली, काय निकाल, काही नाही. एक फोन नाही. व्यापारी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "अनुभव समजा." अनुभव!

मला ज्याने खरं सांगितलं तो भंगारवाला होता. चिमूट चोळून त्याने ओळखलं, "ताई, चिंधी आहे." किलोला सहा रुपये म्हणाला.

तुमचं तरी वाचावं म्हणून, जसं सुचेल तसं लिहिते. नमुने दोन घ्या. एक उसवून आतलं बघा. दुसरा पिशवीत घालून सील करा, त्यावर दोघांच्या सह्या आणि तारीख, आणि तो मेलात तरी परत देऊ नका. १९३०च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम १७ नमुन्यावरून झालेल्या विक्रीबद्दलच आहे: माल नमुन्याशी जुळला पाहिजे आणि जुळवून बघायला तुम्हाला वाजवी संधी मिळाली पाहिजे. पण नमुनाच नसेल तर जुळवणार कशाशी?

माल आला की कुठल्याही गठ्ठ्यातल्या तीन-चार उशा मधोमध फाडा. विचारू नका, फाडा. उसवायचा हक्क आणि त्या नगांची बदली हे ऑर्डरमध्ये आधीच लिहून घ्या. जो नाही म्हणेल त्याला तिथेच रामराम.

पोटातली चिमूट चिमट्यात धरून बाहेर मोकळ्यावर पेटवून बघा. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर येतो आणि गार झाल्यावर कडक मणी राहतो. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पिसं जळताना केस जळल्याचा वास येतो. माझ्या मालाच्या एकाच चिमटीत राखही होती आणि मणीही. पांढऱ्या रंगावर जाऊ नका, चमक आणणारी रसायनं वापरून हलका मालही पांढराशुभ्र दाखवता येतो.

एक उशी लाँड्रीत टाकून मगच पैसे. उरलेली रक्कम माल उतरल्यावर, तपासल्यावर. "उतरवण्याआधी" ही अट दिसली की समजा.

बिलावर पूर्ण वर्णन हवं: व्हर्जिन की रिसायकल, डेनियर, सिलिकॉन, वजन. जीएसटी क्रमांक पोर्टलवर फुकट तपासता येतो, चालू आहे की रद्द झालाय तेही कळतं. बिलावरचं, कोटेशनवरचं आणि बँक खात्यावरचं नाव एकच पाहिजे, भाऊ-मेहुणा चालणार नाही. कोटेशन ईमेलवरच मागा. माल खराब निघाला तर त्याच दिवशी लेखी नकार पाठवा. वाजवी मुदत उलटूनही काही न कळवता माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं कायदा धरतो, आणि समोरच्याच्या वकिलाने माझ्या नोटिशीला नेमकं हेच उत्तर दिलंय. तंतूंची तपासणी मुंबईची बीटीआरए, अहमदाबादची अटिरा अशा वस्त्रोद्योग संशोधन संस्थांत होते, पण नमुना पंचनामा करूनच काढा. नाहीतर "ही आमची उशीच नाही" हे उत्तर तयार असतं.

त्याची जाहिरात अजून चालू आहे, फक्त नंबर बदललाय. "समाधानी ग्राहक" म्हणून खाली फोटो टाकलेत. त्यातला एक माझ्या गोदामातला आहे, काट्यावर उशी ठेवलेली, आकडा स्पष्ट दिसतोय.