एआयएस-१४० जीपीएस आणि पॅनिक बटण: पैसे देण्याआधी कनेक्टर काढून बघा

महापे-रबाळेच्या कंपन्यांना भाड्याने बस देणारा मालक असो की घोडबंदर रोडवरचा टुरिस्टवाला, पासिंगला गाडी न्यायची म्हटली की एआयएस-१४०चा डबा लागतोच. एआयएस-१४० हे सरकारी मानक; त्यातला डबा म्हणजे गाडी कुठे आहे ते सतत कळवणारं जीपीएस यंत्र, आणि त्याला जोडलेली प्रवाशांनी संकटात दाबायची पॅनिक बटणं. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना तो बंधनकारक आहे. रिक्षा आणि ई-रिक्षा त्यातून वगळल्या आहेत. डबा चांगला आहे. तक्रार आहे ती बसवून देण्याच्या पद्धतीबद्दल.

आधी पैशाचं, कारण इथे बऱ्याच मालकांचा गैरसमज होतो. महिलांच्या सुरक्षेसाठीच्या निर्भया निधीतून सरकार पैसे देतं हे खरं, पण मालकाला नाही. केंद्राने जानेवारी २०२० मध्ये राज्यांसाठी जी योजना आणली, तिचा केंद्र आणि राज्याचा वाटा धरून अंदाजित खर्च ४६३.९० कोटी रुपये होता. तो पैसा राज्याच्या देखरेख केंद्रासाठी आणि ट्रॅकिंगच्या यंत्रणेसाठी. डबा, बटणं, वायरिंग आणि सिमचा रिचार्ज हे सगळं मालकाच्या खिशातून. ‘सबसिडीत बसवून देतो’ असं कुणी म्हणालं तर आधी योजनेचा कागद मागा. देखरेख केंद्रावर खर्च करणं बरोबरच आहे. बटण दाबल्यावर पलीकडे बघणारं कुणी हवंच. पण त्याच निधीतला थोडा भाग रस्त्यावरच्या बसमधली बटणं दाबून बघायला ठेवायला हवा होता.

वस्तू म्हणून डब्याला पैकीच्या पैकी गुण. भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांचा सिग्नल घेतो, आतल्या ई-सिममुळे एक नेटवर्क गेलं तर दुसऱ्यावर जातो. गाडीची बॅटरी तुटली तरी आतली बॅटरी किमान ४ तास चालली पाहिजे आणि गाडीच्या ठिकाणाच्या किमान ४०,००० नोंदी साठवता आल्या पाहिजेत, असं मानकच सांगतं. म्हणून पनवेलहून पुण्याला जाताना भाताणच्या बोगद्यात रेंज गेली तरी अडकलेल्या नोंदी बाहेर पडल्यावर पाठवल्या जातात.

घोळ होतो तो बसवताना. पॅनिक बटण ‘नॉर्मली क्लोज्ड’ असतं, म्हणजे एरवी सर्किट जोडलेलं आणि दाबलं की तुटतं. त्यामुळे वायर कापली तरी डब्याला कळतं. पण खिडकीच्या पट्टीत धक्क्याने वायर सैल झाली की खोटे अलर्ट येऊ लागतात, आणि वैतागलेला वायरमन पॅनेलमागे दोन्ही वायरी एकत्र पिळून टेप मारतो. अलर्ट थांबतात, डब्यावरचे दिवे नीट लुकलुकतात, लाल बटण जागच्या जागी दिसतं. ते दाबून मात्र काहीच होत नाही. रात्रपाळीच्या बसमध्ये एकट्या बसलेल्या मुलीने ते दाबलं तर तिची हाक कुठेच पोचणार नाही. याहून गंभीर दोष या सेवेत नाही.

तो ओळखणं सोपं आहे. प्रत्येक बटणामागचा कनेक्टर एकेक करून काढा. ट्रॅकिंगच्या पोर्टलवर अलर्ट आला पाहिजे; नाही आला तर मागे वायरी जोडलेल्या आहेत. काही डब्यांत हा अलर्ट थेट आपत्कालीन म्हणून जातो, म्हणून विक्रेत्याला समोर बसवून आणि चाचणीची कल्पना आधी देऊनच हे करा.

दुसरी चूक सप्लायची. बसला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, एकीला एक जोडून २४ व्होल्ट होतात. फिटर घाईत मधल्या जोडावरून १२ व्होल्ट उचलतो, मग एकच बॅटरी सतत उतरत राहते आणि काही महिन्यांत दोन्ही वाया जातात. डबा २४ व्होल्टवर चालणारा असतो, तर वायर पूर्ण २४ वरूनच घ्यावी, आणि फ्यूज डब्याजवळ नको, बॅटरीजवळ हवा. वायर कट-ऑफ स्विचच्या (बॅटरीचा सप्लाय तोडणाऱ्या) पुढून घेतली असेल तर ड्रायव्हरने रात्री कट-ऑफ मारला की डबा आतल्या बॅटरीवर येतो आणि पहाटेपर्यंत बंद पडतो. कट-ऑफ मारून पोर्टलवर ‘मेन पॉवर’ चालू दिसते का ते बघा, पाच मिनिटांत उत्तर मिळतं. अर्थिंग रंगावरच्या बोल्टला दिलेलं असेल तर पावसाळ्यात गंज चढून डबा मध्येच रीस्टार्ट होतो. रंग खरवडून, रिंग टर्मिनल लावून घट्ट करून घ्या. अँटेना डब्यातच असेल तर वर लोखंडी पत्रा नको, प्लॅस्टिकचा डॅशबोर्ड चालतो.

कागदात एकच गोष्ट नीट बघा: डब्यावरचा आयएमईआय (यंत्राचा ओळख नंबर), सिमचा नंबर आणि गाडीचा चासी नंबर नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलवर जुळतात का. एका आकड्याची चूक असली तरी बसमधून आलेला अलर्ट भलत्याच गाडीच्या नावावर दिसेल. सिमची मुदत बिलावर तारखेसकट लिहून घ्या. रिचार्ज संपला की डबा चालू दिसतो, नोंदी मात्र आतच साठत राहतात.