देशी रोपांची रोपवाटिका : आमच्या वसाहतीचा अनुभव

विजापूर रस्त्यावरील आमच्या वसाहतीच्या खुल्या जागेसाठी गेल्या पावसाळ्यात आम्ही रहिवाशांनी वर्गणी काढून शहरालगतच्या एका रोपवाटिकेतून कडुनिंब, करंज, बहावा आणि आपट्याची ४० रोपे आणली. मूळच्या मादागास्करच्या गुलमोहराऐवजी इथल्या मातीतली झाडे लावा, हा तिथल्या माळीकाकांचा आग्रह मला मनापासून पटला, कारण उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जाणाऱ्या आणि उजनीच्या पाण्यावर भिस्त असलेल्या सोलापुरात रोज पाणी मागणारे झाड जगवणे कठीणच. काळी माती उन्हात भेगाळून मुळे उघडी पडतात, म्हणून आळ्यात उसाच्या पाचटाचे आच्छादन करण्याचा सल्लाही त्यांनी दिला. मे महिन्यात शेजारच्या भेगांत बोट जात असताना पाचटाखालची माती ओलसर असल्याचे मी स्वतः चाचपून पाहिले. मात्र बहाव्याच्या पाच रोपांची पिशवी फाडल्यावर मुळे तळाशी गुंडाळी होऊन बसलेली निघाली आणि ती रोपे दिवाळीपर्यंत वाळली. ती बदलून देण्यास नकार मिळाला, हे फार खटकले. तरीही पाण्याची पाळी घरोघरी वाटून घेणाऱ्या वसाहतींनी इथे जरूर जावे. फक्त पिशवीचा तळ नीट तपासूनच रोप घ्यावे.